विश्लेषण : किर्लोस्करवाडीचे चाक कशावर फिरले? लक्ष्मणरावांचा प्रवास आणि आज घरातल्या विजेवर फिरणारा स्पिंडल

सांगली, सातारा परिसरात आता अनेक घरांच्या माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये छोटे सीएनसी राउटर दिसते. लाकडावर नक्षी, अॅक्रिलिकच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या असे काम त्यावर होते. यंत्र आणले, जोडले, की पहिला प्रश्न येतो तो विजेचा. हत्यार फिरवणारा स्पिंडल घरातल्या साध्या जोडणीवर चालेल का? छोट्या जागेत यंत्र उभे करायचे तर ते फिरवायची शक्ती आणायची कुठून, हा प्रश्न याच मातीत शंभर वर्षांपूर्वी एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याला पडला होता. त्याने उभा केलेला कारखाना आजही पलूस तालुक्यात उभा आहे. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचे आयुष्य आणि आजच्या स्पिंडलचे गणित यांचा हा आढावा.

लक्ष्मणराव यंत्रांकडे कसे वळले?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र पोथीपेक्षा चित्रात आणि हाताने काही घडवण्यात. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. चित्रकार होण्याची वाट तिथेच बंद झाली.

त्यांनी चित्रकला सोडली, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची आरेखने काढण्याचे शास्त्र ते शिकले. या कामात रंगाला महत्त्व नसते, मापाला असते. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. शिकवता शिकवता तिथल्या कर्मशाळेत यंत्रे हाताळली, उघडली, पुन्हा जोडली. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

सायकलच्या दुकानापासून नांगरापर्यंत

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांचा सायकलींचा व्यवहार आधीच सुरू झाला होता. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो ती याच दुकानामुळे. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. सायकल तेव्हा श्रीमंतांची हौस होती. दुकानाला दुरुस्तीची जोड मिळाली आणि दुरुस्तीतून छोटी कर्मशाळा उभी राहिली.

तिथे तयार झालेला पहिला महत्त्वाचा माल म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. त्यानंतर लोखंडी नांगर. आज हे ऐकताना साधे वाटते, पण त्या वेळी शेतकऱ्याच्या हातात लाकडी नांगर होता आणि लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. तोवर पैसा अडकून पडला. लक्ष्मणरावांनी नांगर बनवणे थांबवले नाही. एकदा लोखंडी फाळाने जमीन खोल उलटते हे शिवारात दिसले, तेव्हा मागणी आपोआप वाढू लागली.

बेळगाव का सोडावे लागले?

धंदा कुठे उभा राहतो आहे तोच संकट आले. शहराच्या विस्तारासाठी कर्मशाळेची जागा रिकामी करावी, असा आदेश निघाला. यंत्रे, कामगार, अर्धवट तयार माल घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर, संसार आणि कर्ज डोक्यावर असताना सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे होते.

अशा वेळी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. औंध हे गाव आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे, पण संस्थानाचे तुकडे दूरवर विखुरलेले होते. त्यातला एक तुकडा कुंडल भागात, रेल्वेच्या कुंडल रोड स्थानकाला लागून होता. तिथली सुमारे ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज राजांनी दिले. स्वतः राजे चित्रकार होते, कलावंताची आणि कारागिराची कदर असलेले होते.

१९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव मंडळींना घेऊन या माळावर उतरले. माळ निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याची टंचाई. निवडुंग तोडणे हेच पहिले काम ठरले. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी केली. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखी माणसे बरोबर होती. त्यांतल्या काहींकडे पदवी नव्हती, पण हातात कसब होते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वस्तीची राखण दिली आणि त्यांनी ती इमानाने केली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा दंडक होता. पुढे कुंडल रोड स्थानकाचे नावच किर्लोस्करवाडी झाले.

वाडीतली यंत्रे कशावर चालत?

१९१० मध्ये कृष्णाकाठच्या या माळावर तारेतून येणारी वीज नव्हती. मुंबईला वीज पुरवणारे टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले तेच १९१५ मध्ये. म्हणजे कारखाना काढणाऱ्याला शक्ती आपली आपणच तयार करावी लागे.

त्या काळच्या कारखान्याची रचना अशी असे : एका टोकाला एक इंजिन. छताखालून लांबवर गेलेला एक आडवा शाफ्ट. त्यावर ठिकठिकाणी पुल्या आणि प्रत्येक पुलीवरून खाली यंत्राकडे आलेला चामड्याचा पट्टा. लेथ, ड्रिल, सहाण अशी सगळी यंत्रे त्या एका इंजिनाच्या जिवावर फिरत. इंजिन थांबले की सगळा कारखाना थांबे. एखाद्या यंत्राचा वेग बदलायचा तर पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर सरकवायचा. वेग हवा तसा नव्हे, पुल्या जितक्या तितकाच मिळे. चालत्या पट्ट्यात धोतर किंवा हात अडकण्याची भीती कायम असे.

पहिल्या महायुद्धाने नवी अडचण आणली. परदेशातून येणारे लोखंड आणि भट्टीचे इंधन मिळेनासे झाले. नांगराची मागणी होती, पण ओतायला लोखंड नव्हते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा वितळवण्यासाठी दिल्या. गडावरच्या तोफांचे नांगर झाले आणि कारखान्याची भट्टी विझली नाही.

नांगरानंतर काय?

१५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' सुरू झाले आणि त्यातून पुढे 'किर्लोस्कर' मासिक घडले. १९२६ मध्ये कारखान्याने सेंट्रिफ्यूगल पंप तयार केला. याच वर्षी थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले.

नांगर बैल ओढत होते, पंपाला मात्र फिरवणारे काहीतरी हवे होते. त्यामुळे यंत्र बनवणाऱ्याला ते फिरवण्याची शक्तीही बनवावी लागणार, हे उघड झाले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. कृष्णाकाठ यंत्रांचा पट्टा बनत होता.

किर्लोस्कर समूहाची पुढची पावले याच दिशेने पडली. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ आणि इतर यंत्रे बनवणारा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बेंगळूरुमध्ये विजेच्या मोटरींचा उद्योग सुरू झाला. कापणारे यंत्र, डिझेल इंजिन आणि विजेची मोटर या तिन्ही गोष्टी एका कुटुंबाच्या छताखाली आल्या.

१९४८ चा आघात

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या दंगलीत ब्राह्मणांच्या घरांवर आणि उद्योगांवर हल्ले झाले. जमावाने किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली. निवडुंग तोडून उभे केलेले काम डोळ्यांदेखत जळाले, तेव्हा लक्ष्मणरावांचे वय ७८ होते. कारखाना बंद पडला नाही. तो पुन्हा उभा केला गेला आणि चालू झाला.

१९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला. त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. औंध संस्थान विलीन झाले होते. राजांचे औंध साताऱ्यात राहिले, राजांनी दिलेला माळ सांगलीत गेला. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या पाण्यावर वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. शेताच्या बांधावर विजेचा पंप ही नेहमीची गोष्ट झाली ती त्यांच्यानंतर.

एका शाफ्टची जागा मोटरने घेतली, म्हणजे काय झाले?

प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि छताखालचा शाफ्ट, पट्टे नाहीसे झाले. बहुतेक कारखान्यांत आणि शेतात वापरली जाते ती थ्री फेज इंडक्शन मोटर. तीन फेज एकामागून एक चढउतार करतात, त्यामुळे मोटरच्या आत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि रोटर त्याच्या मागे ओढला जातो. ब्रश नाहीत, ठिणगी नाही, झीज कमी.

या मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. दोन पोलच्या मोटरमध्ये क्षेत्र सेकंदाला ५० वेळा, म्हणजे मिनिटाला ३००० वेळा फिरते. शेतातला पंप म्हणूनच तीन हजारांच्या थोडा खाली फिरतो. पाणी उपसायला हा वेग पुरतो. पण तीन-सहा मिलिमीटर जाडीच्या हत्याराने लाकूड स्वच्छ कापायला मिनिटाला दहा ते चोवीस हजार फेरे लागतात.

घरातल्या विजेवर स्पिंडल कसा चालतो?

घरात येते ती सिंगल फेज २३० व्होल्टची वीज. एका फेजने क्षेत्र फिरत नाही, फक्त मागेपुढे धडधडते. गावाकडे एखादा फेज गेला की कपॅसिटर लावून पंप ओढण्याचा जुगाड केला जातो. स्पिंडलला तो उपयोगी नाही, कारण वारंवारता ५० हर्ट्झच राहते.

यावर उपाय म्हणजे व्हीएफडी. हे यंत्र घरची वीज आधी डीसी करते, मग त्या डीसीचे झटपट तुकडे पाडून हव्या त्या वारंवारतेचे तीन फेज तयार करते. ४०० हर्ट्झ दिले की दोन पोलचा स्पिंडल मिनिटाला २४,००० फेरे घेतो. २०० हर्ट्झला १२,०००. पट्टा पुलीवरून सरकवण्याचे काम आता एक बटण करते. मात्र व्हीएफडी सिंगल फेज इनपुटची आणि स्पिंडल २२० व्होल्टचा असावा लागतो. ३८० किंवा ४०० व्होल्टचा स्पिंडल घेतला तर घरच्या जोडणीवर त्याला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही.

ज्यांचे काम हलके आहे त्यांच्यासाठी आणखी दोन मार्ग आहेत. सुताराचा हातातला ट्रिमर राउटर थेट घरच्या प्लगवर चालतो. तो स्वस्त, पण आवाज फार आणि ब्रश झिजतात. दुसरा, ३०० ते ५०० वॉटचा डीसी स्पिंडल आणि त्याचा पॉवर सप्लाय. तो अॅक्रिलिक, पातळ प्लाय, पीसीबी यांना पुरतो.

वायरिंग झेपेल का?

इथे बहुतेकांचे गणित चुकते. २.२ किलोवॉटला २३० ने भागले तर साडेनऊ अँपिअर येतात. पण स्पिंडलमध्ये काही शक्ती वाया जाते आणि व्हीएफडी वीज सलग न घेता टोकाटोकाने ओढते. त्यामुळे पूर्ण भारावर प्रत्यक्ष प्रवाह १६ ते २० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे गिझरचा १६ अँपिअरचा पॉइंटही कमी पडतो. ०.८ किंवा १.५ किलोवॉटचा स्पिंडल घरासाठी जास्त सोयीचा ठरतो.

२.२ किलोवॉटसाठी मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी असावी. टीव्हीच्या ६ अँपिअर पॉइंटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर स्पिंडल कधीही चालवू नये. घराचा मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर छापलेले असते. तो कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा. छंदाचे रूपांतर धंद्यात झाले तर जोडणी कोणत्या वर्गवारीत येते, तेही तिथेच विचारावे.

काय जपावे?

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक सेटिंगची आहे. बऱ्याच व्हीएफडी ५० हर्ट्झच्या मोटरसाठी सेट होऊन येतात. तसेच स्पिंडलला जोडले तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज जाते आणि ४०० हर्ट्झसाठी गुंडाळलेली वाइंडिंग काही वेळातच जळते. म्हणून सुरू करण्यापूर्वी कमाल आणि मूळ वारंवारता, व्होल्टेज, अँपिअर हे आकडे स्पिंडलच्या पट्टीवरून पाहून भरावेत.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. स्वस्त स्पिंडलच्या प्लगमधली चौथी पिन आतून जोडलेलीच नसते, असे आढळते. मीटरने तपासून स्पिंडलची बॉडी अर्थला जोडावी. पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलला तर हे अत्यावश्यक. व्हीएफडी आणि स्पिंडल यांच्यामध्ये शील्ड असलेली केबल वापरावी, नाहीतर सीएनसीचे सिग्नल बिघडून हत्यार भलतीकडे जाते.

तिसरी, व्हीएफडी आणि स्पिंडल यांच्यामध्ये स्विच टाकून चालत्या कामात तो बंद करू नये. चौथी, वीज बंद केल्यावरही व्हीएफडीच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक असतो. झाकण उघडण्यापूर्वी किमान दहा मिनिटे थांबावे. व्हीएफडीमुळे आरसीसीबी अधूनमधून पडत असेल तर तो काढून टाकू नये. वायरमनकडून योग्य प्रकारचा बसवून घ्यावा.

मग लक्ष्मणरावांचा संबंध काय?

लक्ष्मणराव सीएनसीच्या फार आधीचे. पण कागदावर मापाने काढलेली रेघ आणि त्या रेघेवरून धातू कापणारे यंत्र, ही त्यांच्या आयुष्याची दोन टोके होती. आज ती दोन्ही एका संगणकात आणि एका टेबलावरच्या राउटरमध्ये आली आहेत. त्यांना शक्तीसाठी माळावर इंजिन बसवावे लागले, शाफ्ट टाकावा लागला. आजच्या तरुणाला ती भिंतीतल्या पॉइंटमधून मिळते.

फरक एवढाच की इंजिन कमी पडले तर ते आवाजावरून कळायचे. भिंतीतली वायर तापते ती न सांगता. नांगर दोन वर्षे विकला गेला नाही तेव्हा लक्ष्मणराव थांबले नाहीत, हे सगळे सांगतात. प्रत्येक भाग आधी कागदावर मापात बसवून मगच ते ओतायला देत, हे कमी सांगितले जाते. स्पिंडलचे बटण दाबण्यापूर्वी कागदावर अँपिअरचा हिशेब मांडला, तर माळ्यावरचे यंत्रही टिकेल आणि घरही.